हजार अक्षरांचा आरएनए का होत नाही?

जिंतूरहून रोज एसटीने परभणीला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने परवा वर्गात विचारलं, "मॅडम, मशीन आहे ना, मग हजार अक्षरांचा आरएनए करून टाकायचा की!" प्रश्न मला फार आवडला. शिकवायचं होतं ते बाजूला ठेवलं आणि फळ्यावर गुणाकार मांडला.

आरएनए म्हणजे डीएनएसारखीच, न्यूक्लिओटाइड नावाच्या घटकांची साखळी; एक न्यूक्लिओटाइड म्हणजे एक अक्षर. यंत्रात साखळी एकेक न्यूक्लिओटाइड जोडत वाढते. दर फेरीत 99 टक्के साखळ्यांना पुढचं अक्षर जुळलं, तरी 100 अक्षरांच्या पूर्ण साखळ्या मिळतात जेमतेम 37 टक्के. 98 वर घसरलात की साडेतेरा. हजार अक्षरांना तर 99 धरूनही लाखात चार! पोरांनी मोबाइलवर पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

यंत्रातली ही पद्धत फॉस्फोरामिडाइटची, म्हणजे जोडणीसाठी रासायनिक रीतीने तयार ठेवलेल्या अक्षरांची. ती डीएनएला सोपी जाते, आरएनएला जड. कारण आरएनएच्या प्रत्येक अक्षरातल्या साखरेवरचा 2′ हायड्रॉक्सिल (ओएच गट), जो डीएनएत नसतो. तो उघडा राहिला तर शेजारच्या फॉस्फेटवर हल्ला करून साखळी तोडतो. टीबीडीएमएससारख्या तात्पुरत्या संरक्षक गटाने झाकला तर तोच गट जोडणीच्या जागेशी अडचण करतो, म्हणून प्रत्येक जोडणीला कित्येक मिनिटं द्यावी लागतात.

पीएचडीच्या काळात मी हे यंत्र चालवायचे. दर फेरीत नव्या अक्षराच्या टोकावरचं तात्पुरतं झाकण, म्हणजे ट्रायटिल गट, सुटला की नळीतून केशरी द्रावण वाहतं. तो केशरी फिका पडायला लागला, म्हणजे जोडणी कमी होऊ लागली, की पोटात गोळा यायचा. पावसाळ्यात तर हमखास, कारण अ‍ॅसिटोनायट्राइल या द्रावकात जराशी ओल शिरली तरी फॉस्फोरामिडाइट पाण्यावरच खर्च होतं.

मग एन्झाइमकडूनच का करून घेऊ नये? टी7 पॉलिमरेज हे डीएनएवरून आरएनए बनवणारं एन्झाइम हजारो अक्षरं सहज जोडतं, कोविडच्या एमआरएनए लसी तशाच बनल्या. पण त्याला साध्या यूऐवजी (आरएनएच्या चार अक्षरांपैकी एक) बदललेला यू दिला की तो यूच्या प्रत्येक जागी बसतो. फक्त 43 व्या जागी हवा असेल, तर रसायनशास्त्राला पर्याय नाही, असं मी ठामपणे म्हणेन. जनुक-संपादनाच्या क्रिस्पर तंत्रात कापायची जागा दाखवणाऱ्या साधारण 100 अक्षरी गाइड आरएनएचंही तेच: दोन्ही टोकांच्या मोजक्याच अक्षरांवर 2′-ओ-मिथिल आणि फॉस्फोरोथायोएट हे रासायनिक बदल बसवतात, म्हणजे पेशीतली न्यूक्लिएज (आरएनए तोडणारी एन्झाइम) त्याला लवकर कुरतडत नाहीत.

याहून लांब हवा असेल तर तुकडे जोडायचे. दोन्ही तुकड्यांच्या टोकांना जुळणारी डीएनएची छोटी साखळी त्यांना शेजारी धरून ठेवते आणि टी4 डीएनए लायगेज हे सांधणारं एन्झाइम सांधा भरतं. तुकडे मात्र आधीच एचपीएलसीवर (रेणू वेगळे करणाऱ्या यंत्रावर) स्वच्छ करून घ्यायचे. 49 आणि 50 अक्षरं वेगळी करता येतात. जोडून झाल्यावर 99 आणि 100 वेगळी करणं महाकठीण.