शापोऱ्याच्या काठाने: किल्ले बघायला निघालो, पूल बघून आलो

१९ डिसेंबरला गोव्यात मुक्तिदिनाची सुट्टी. त्या दिवशी म्हापसा – अस्नोडा – दोडामार्ग – हळर्ण – कोलवाळ – शिवोली – शापोरा – म्हापसा असा फेरा मारायचं आम्ही ठरवलं होतं. आम्ही म्हणजे मी आणि माझा भाचा. तो आदल्या संध्याकाळी कुडाळहून रेल्वेने सायकलसकट थिवीला उतरला. पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांनाही हेच सांगेन: मडगावपर्यंत जाऊ नका, थिवीला उतरा. सायकल पार्सल म्हणून ब्रेकव्हॅनमध्ये टाकायची असेल तर गाडीच्या तासभर आधी स्टेशनवर पोचा आणि पेडल काढून ठेवा.

नदी एकच. वर महाराष्ट्रात तिला तिलारी म्हणतात, खाली आली की ती शापोरा होते. तिच्या दक्षिणेला बार्देश, उत्तरेला पेडणे. बार्देश १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेला आणि पेडणे १७८८ मध्ये, सावंतवाडीकरांकडून. म्हणजे मधली जवळजवळ अडीचशे वर्षं ही नदी हीच सरहद्द. आज आपण पूल ओलांडताना गिअरही बदलत नाही, पण तेव्हा पलीकडे दुसऱ्याचं राज्य होतं. हे डोक्यात ठेवून सायकल चालवली तर या रस्त्यावरची प्रत्येक गोष्ट जागच्या जागी बसते.

पावणेसहाला निघालो. डिसेंबरात सातच्या सुमाराला उजाडतं, त्यामुळे पुढचा-मागचा दिवा हवाच. म्हापशाच्या वेशीवरच एक पोदेर, म्हणजे पाववाला, भेटला. मागे पावांची टोपली, हँडलला रबरी भोंगा, सायकल लोखंडी आणि बिनगिअरची. चढावर त्याने आम्हा दोघांना सहज मागे टाकलं. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

अस्नोड्याच्या पुलावर थांबलो. १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे पोर्तुगीज सैन्याने आपल्याच हद्दीतले पूल उडवायला सुरुवात केली: डिचोलीचा ४.४० ला, आणि पाचच्या सुमाराला इथला अस्नोड्याचा आणि शापोरा नदीवरचा कोलवाळचा. पूल उडाल्यानंतर दीड तासाने, साडेसहाला, भारतीय सैन्याची पश्चिमेकडची तुकडी सरहद्द ओलांडून आत आली. ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या ५० पॅराशूट ब्रिगेडबरोबरची ही शीख लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण, सोबत चिलखती गाड्या. थिवी, म्हापसा करत ती संध्याकाळी पावणेसहाला बेतीला पोचली. समोर मांडवी, पलीकडे पणजी.

भाच्याने तिथेच हिशोब मांडला. "मामा, दोडामार्ग ते बेती चाळीसच्या आत. सव्वाअकरा तास. म्हणजे ताशी साडेतीन? आपण चालत गेलो असतो तरी पोचलो असतो!"

"पूल नसताना चालून बघ," मी म्हटलं.

आता तिथे उभं राहून बघण्यासारखं काही नाही. साधा पूल, खाली गढूळ पाणी, कठड्यावर कुणी वाळत घातलेली गोणपाटं. पण आमच्या सहलीचा नूर तिथे बदलला. निघालो होतो किल्ले बघायला, आणि पुढचा सगळा दिवस पूलच मोजत राहिलो.

अस्नोड्यापासून लाटंबार्शाकडे रस्ता चढ-उताराचा आहे. एकही चढ मोठा नाही, पण एक संपला की दुसरा. औद्योगिक वसाहतीमुळे ट्रक असतात, त्यामुळे हा टप्पा आठच्या आत उरकावा. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी बरा. याच पट्ट्यात मावळिंगे येतं. १८ तारखेच्या पहाटे भारतीय तोफांनी या भागात मारा केला होता, कारण पोर्तुगिजांनी इथे मोठे रणगाडे आणून ठेवल्याची खबर होती. खबर खोटी निघाली. रणगाडे नव्हतेच.

दोडामार्ग ही महाराष्ट्राची हद्द. नाक्यावर गाड्या तपासतात, सायकलवाल्यांकडे कुणी बघत नाही. तरी बाटलीत पाणीच असू द्या! बाजारात मिसळ मिळते, पण आम्ही पातळ भाजी-पाव आणि चहावर भागवलं. पुढे हळर्णपर्यंत पोटभर खायला मिळेलच असं धरून चालू नका. इथेच खा, बाटल्या भरा, सुटे पैसे घ्या. पुढच्या छोट्या दुकानांत फोनची रेंज गेली की फोनवरून पैसे देण्याचा खेळ संपतो.

दोडामार्गावरून तिलारी धरणाकडे जायचा मोह होतो. त्या भागात रानहत्तींचा वावर आहे. गावात विचारल्याशिवाय आणि ऊन खाली गेल्यावर तिकडे वळू नका. वर डोंगरात रामघाट. १६८४ च्या जानेवारीत औरंगजेबाचा मुलगा शाहआलम याच घाटाने फौज घेऊन कोकणात उतरला. त्याआधी महिनाभर, डिसेंबर १६८३ मध्ये, संभाजी महाराजांच्या फौजा बार्देशात शिरल्या होत्या, थिवी आणि शापोऱ्याचे किल्ले त्यांनी घेतले होते, आणि पोर्तुगिजांची गाळण उडाली होती. मोगल घाट उतरले म्हणून महाराजांना मोहीम आवरती घ्यावी लागली. शाहआलमचंही भलं झालं नाही. परतताना त्याच्या फौजेचे अन्नावाचून हाल झाले. चहा पिता पिता त्या डोंगररांगेकडे बघत हे सगळं भाच्याला सांगत होतो. तो मान हलवत होता, पण लक्ष दुसऱ्या पावाकडे.

दोडामार्गाहून परत गोव्यात शिरून इब्रामपूर, हसापूर, चांदेल या गावांमधून जायचं. दिवसातला सगळ्यात सुंदर भाग हा. काजूची डोंगरं, पोफळीच्या बागा, अधूनमधून नदी दिसते, परत लपते. गाड्या जवळजवळ नाहीत. रस्ता अरुंद, पण डांबर बरं. वळणावर घंटी वाजवा, कारण गुरं रस्त्यावरच बसलेली असतात.

चांदेलच्या अलीकडे फोनवरच्या नकाशाने आमची गंमत केली. नकाशा म्हणाला डावीकडे वळा, आम्ही वळलो. डांबर संपलं, मग पाणंद आली, मग माड, आणि थेट नदी. रस्ता पाण्यातच गेला होता. काठावर एक आजोबा माडाची चुडतं विणत बसले होते. आमच्याकडे न बघताच म्हणाले, "हंय पयली होडी होती. आता खंयची?" मग वर बघून, "आणि पाण्यात पाय घालू नकात. सुसरी आसत." मगरीला इकडे सुसर म्हणतात. आम्ही पाय मागे घेतले.

परतताना चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, धारेवर भाच्याचं मागचं टायर बाजूने फाटलं, नखाएवढं. ट्यूब बदलली, पण चिरीतून ती फुग्यासारखी बाहेर यायला लागली. शेवटी दहाची नोट चार घड्या करून टायरच्या आतून लावली आणि हवा थोडी कमी भरली. एरवी ही युक्ती ऐकून होतो, केली पहिल्यांदाच. तेव्हा २५ मिमीची बारीक टायरं घेऊन येणार असाल तर दोन ट्यूब, टायरचा एखादा जाड तुकडा आणि चांगला पंप बरोबर ठेवाच. २८ किंवा ३२ असतील तर उत्तम. या गावांमध्ये सायकलचं दुकान शोधत बसू नका.

हळर्णचा किल्ला नदीच्या उत्तर काठावर आहे. चिऱ्याच्या भिंती, बाहेर खंदक, आत मोकळी जागा, आणि मागच्या तटावरून नदीचं संथ हिरवं वळण. आम्ही गेलो तेव्हा आत आम्ही दोघं आणि एक कुत्रा. डागडुजी झाल्यामुळे फिरायला त्रास नाही, फक्त क्लीट (पेडलला अडकणारी खिट्टी) असलेले बूट चिऱ्यावर घसरतात, ते काढून ठेवा. प्यायचं पाणी किल्ल्यावर मिळत नाही.

हा सावंतवाडीकर भोसल्यांचा किल्ला. ५ मे १७४६ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉय, कास्तेलो नोव्होचा मार्किस पेद्रू मिगेल द आल्मेइदा, याने तो जिंकला. लिस्बनला याचं इतकं कौतुक झालं की त्याची पदवीच बदलून 'आलोर्नाचा', म्हणजे हळर्णचा, 'मार्किस' करण्यात आली. पेडण्यातल्या या एवढ्याशा गावाचं नाव पोर्तुगालच्या सरदार घराण्याला कायमचं चिकटलं. त्याची नात लेओनोर (१७५०–१८३९) पुढे पोर्तुगीज साहित्यात नावाजलेली कवयित्री झाली आणि आजही 'आलोर्नाची मार्किझ' म्हणूनच ओळखली जाते. लिस्बनमध्ये कुणाला हळर्ण कुठे आहे म्हणून विचारलं तर काय उत्तर मिळेल कोण जाणे. आणि हळर्णच्या नाक्यावर मार्किझबाईंची चौकशी केली असती तर आम्हाला चहाऐवजी लिंबूपाणी पाजलं असतं! मला मात्र शापोऱ्यापेक्षा हा किल्ला आवडला. इथे अर्धा तास तरी ठेवा.

हळर्णहून कासारवर्णेमार्गे धारगळला येऊन मुंबई-गोवा महामार्गाला लागतो. हा टप्पा मला अजिबात आवडत नाही. मोपा विमानतळ झाल्यापासून टॅक्सी सुसाट असतात, सर्व्हिस रोड कुठे असतो, कुठे मध्येच संपतो. डाव्या कडेला राहा, एकामागोमाग एक चला, कोलवाळचा पूल उतरला की लगेच आतल्या रस्त्याला लागा.

पाय शिल्लक असतील तर धारगळहून उलट्या दिशेने, उत्तरेला, पत्रादेवीला जाऊन या. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही इथून गोव्यात शिरले आणि पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या. झेंडा घेतलेल्या, मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोदराबाई राय गोळी लागून पडल्या, तेव्हा पंजाबातला तरुण शिक्षक कर्नैल सिंग बेनीपाल पुढे झाला आणि मारला गेला. तिथे हुतात्मा स्मारक आहे. आम्ही फाटक्या टायरमुळे गेलो नाही, याची चुटपुट अजून आहे.

कोलवाळच्या पुलावर मात्र थांबलोच, रुंद कडेला, सायकली उचलून घेऊन. पलीकडून कोकण रेल्वेची गाडी गेली. सरहद्द, मग होडी, मग पूल, मग उडवलेला पूल, मग परत पूल. भाचा म्हणाला, "मामा, फोटो काढू?" कशाचा काढणार? त्याने पाण्याचाच काढला.

कोलवाळ ते कामुर्ली ते शिवोली सपाट. एका बाजूला खाजन शेती (खाडीलगतची, बांध घातलेली सखल शेतं), बांध, मानशी. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मानशीची लाकडी दारं आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. एका मानशीजवळ जाऊन बसलो, दाराच्या फटीतून पाणी चुळचुळ येत होतं आणि एक बगळा त्या फटीवर नजर लावून होता. दुपारचं ऊन इथे अंगावर येतं, सावली कमी. शिवोलीत जेवा. हुमण-भात (माशांची आमटी आणि भात) मिळाला तर सायकल चालवायची इच्छा उरत नाही, हा धोका पत्करून.

शापोऱ्याच्या किल्ल्यावर सायकल नेता येत नाही. खाली कुलूप लावून तांबड्या निसरड्या वाटेने दहा मिनिटं चढायचं. आजची तटबंदी १७१७ ची. पेडणे पोर्तुगिजांच्या ताब्यात गेल्यावर सरहद्द उत्तरेला सरकली, किल्ल्याचं काम संपलं, आणि १८९२ मध्ये तो सोडून दिला. आता एका हिंदी सिनेमामुळे तटावर फोटोसाठी रांग असते. गर्दीकडे पाठ करून उत्तर-पूर्वेच्या बुरुजावर जा. तिथून नदीचं मुख, पलीकडची मोरजीची वाळू आणि शिवोली-चोपड्याचा पूल दिसतो. तिथेही पूर्वी फेरीबोटच होती.

सूर्यास्तासाठी थांबलात तर वागातोर ते म्हापसा गाड्यांच्या गर्दीत अंधारात जावं लागेल. साडेचारला उतरा. आम्ही म्हापशात सहाच्या आत होतो, मीटरवर ८१ किलोमीटर, थांबे धरून बारा तास. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा. पावसाळ्यात ही गावं फार देखणी, पण वळणांवर शेवाळ धरतं.

भाच्याने कुडाळला जाऊन नवं टायर घेतलं. दहाची नोट मात्र जुन्या टायरला इतकी घट्ट चिकटली होती की दुकानदाराने टायरबरोबर तीही ठेवून घेतली.