गावला काय?

आंजर्ल्याच्या खाडीत सकाळी ओहोटी लागली की एक आजोबा पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, घेऊन गुडघाभर पाण्यात उतरतात. पागाची एक कड दातांत, थोडं जाळं खांद्यावर, बाकीचं दोन्ही हातांत आणि नजर पाण्यावर. कधी पाच-पाच मिनिटं हलत नाहीत, कधी लागोपाठ दोनदा टाकतात. बोयी माशांचा थवा पुढ्यात आला की कमरेतून असे गर्रकन फिरतात की हातातलं ते ओलं गबाळं हवेत जाऊन परातीसारखं गोल उघडतं. कडेचं शिसं पाण्यावर पडल्याचा एकच आवाज. सगळा मामला दीड-दोन सेकंदांचा.

मला तो हवेतला गोल हवा होता. मागून कोवळं ऊन, जाळ्याच्या प्रत्येक घराला लटकलेलं पाणी, आणि खाली आजोबांची काळी आकृती.

पहिल्या सकाळी त्यांनी पाच वेळा पाग टाकला. माझ्याकडे फोटो चारच आहेत. तिसरा पाग, जो बायकोच्या म्हणण्यानुसार सगळ्यांत सुंदर उघडला, तो पडला तेव्हा मी मान खाली घालून दुसऱ्या फोटोत आजोबांच्या दातांतली कड स्पष्ट आलीय का ते मोठं करून बघत होतो.

आजोबा काठावर आले. मला म्हणाले, "गावला काय?"

खरं तर हा प्रश्न काठावरच्याने पाण्यातल्याला विचारायचा. मी कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी ओले हात मागे घेतले, डोळे बारीक करून चारही फोटो पाहिले आणि म्हणाले, "ह्यो तर पडलेला. उघडलेला कुठाय?"

फोटो काढला की लगेच पडद्यात डोकवायचं, या खोडीला इंग्रजीत चक्क नाव आहे: चिम्पिंग. चिंपांझीवरून आलेलं. पडद्याभोवती डोकी जमवून 'ऊ, ऊ, आ, आ' करणारे फोटोग्राफर लांबून कसे दिसत असतील, ते ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार. आमच्या घरात मात्र त्याला 'आरसा बघणं' म्हणतात. सूर्यास्ताला मुरूडच्या किनाऱ्यावर मी वाकलो की बायको म्हणते, "झाला का आरसा बघून? सूर्य चाललाय." चिंपांझीपेक्षा हे नाव मला जास्त लागतं, कारण ते खरं आहे. त्या पडद्यात मी पाग बघत नसतो. मी किती हुशार आहे ते बघत असतो.

गंमत म्हणजे पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याला हा आरसा नव्हताच. 1975 साली कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने तो बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर, एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला 23 सेकंद, आणि बघायचा तर ती कॅसेट वेगळ्या यंत्रात घालून टीव्हीवर. 23 सेकंदांत आमच्या आजोबांचा पाग पडून, ओढून, झटकूनही झाला असता. पाठीवर पडदा लावलेला सामान्य गिऱ्हाइकाचा कॅमेरा कॅसिओने आणला तो 1995 मध्ये. तेव्हापासून माना खाली गेल्या त्या गेल्याच. आता लायकासारखी कंपनी पडदाच नसलेला डिजिटल कॅमेराही काढते. 2016 च्या त्यांच्या एका मॉडेलला पाठीवर पडद्याच्या जागी नुसती एक चकती आहे. पडदा काढून घेतल्याबद्दल ते दाम कमी करत असतील असं वाटत असेल, तर तुम्हाला लायका माहीत नाही.

पण रोलच्या काळात लोक कसे समोर बघायचे, असं कुणी उसासून म्हणालं की मला आत्याचं लग्न आठवतं. मे महिना, अंगणात मांडव, आंब्याच्या पेट्या खळ्यात सरकवून केलेली जागा. फोटोंचं काम धाकट्या काकाकडे, कॅमेरा मित्राकडून मागून आणलेला. छत्तीस फोटोंचा एकच रोल, म्हणून काका अगदी मोजून-मापून बटण दाबत होता. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट निघाला, कानपिळी झाली, पंगती उठल्या. आकडा छत्तीसच्या पुढे गेला. सदतीस, अडतीस, चाळीस. काकाला वाटलं, दुकानदाराने रोल चांगला दिलाय. त्याने आणखी दोन ग्रुप फोटो काढले.

आठ दिवसांनी दापोलीहून रोल धुऊन आला तो कोरा करकरीत. फिल्मचं टोक आतल्या दांड्यात अडकलंच नव्हतं. काका दिवसभर नुसती हवा भरत होता. आत्या अजून सांगते, "माझ्या लग्नाचा पुरावा म्हणजे एकटे तुमचे आतोबा."

स्टुडिओवाल्याने काकाला एक युक्ती शिकवली: फोटो काढल्यावर रोल पुढे घेताना डावीकडची, रोल परत गुंडाळायची कळ बघायची. ती फिरली तर आत फिल्म सरकतेय. त्यानंतर काकाने जन्मात जेवढे फोटो काढले, तेवढ्या वेळा मान वाकडी करून ती कळ पाहिली. आरसाच तो, फक्त त्यात तोंड दिसत नव्हतं.

आणि किनाऱ्यावर तर बघावं लागतंच. एसी गाडीतून कॅमेऱ्याची काच थंडगार घेऊन उतरलात की दमट हवेत तिच्यावर धुकं धरतं. ते पडद्यात दिसलं नाही तर अर्धा तास दुधात बुडवलेले फोटो काढत बसाल. लाटेचा खारा तुषार काचेवर वाळला की उन्हाकडचे फोटो मळकट येतात, तोही मोठं करून बघितल्याशिवाय कळत नाही. हर्णैला दुपार कलल्यावर होड्या लागतात, वाळूवर मासळीचा लिलाव सुरू होतो, मागे सुवर्णदुर्ग. तिथे अंगावर ऊन असताना पडद्यात स्वतःच्या टोपीपलीकडे काही दिसत नाही. मग टोपी काढून पडद्यावर आडोसा धरायचा आणि फोटो सोडून फक्त त्याच्या उजेडाचा आलेख बघायचा, उजव्या भिंतीला चिकटून फोटो पांढरा पडला नाही ना एवढंच. संध्याकाळी उलटं. अंधारात पडदा इतका झगझगतो की सगळंच उजळ वाटतं, आणि घरी येऊन बघावं तर काळोख. म्हणजे आरसाही खोटं बोलतो, वेळ बघून.

सगळ्यांत महाग पडला तो वेळासला. कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा दोरीच्या अलीकडे गुडघ्यांवर बसलो होतो. तळहातापेक्षा लहान ऑलिव्ह रिडले, वाळूत वल्ही मारत निघालेलं. एक क्लिक. मान खाली. चांगला आला होता, डोळ्यात चमकसुद्धा. वर बघितलं तर ओली वाळू आणि तिच्यावर पिल्लाची रेघ. शेजारच्या आजींनी टाळी वाजवली. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता. मी बायकोला विचारलं, "लाट कशी आली?" ती म्हणाली, "तुझ्याकडे फोटो आहे ना?"

तर दुसऱ्या सकाळी खाडीवर जाण्याआधी मी मेनूत जाऊन फोटो आपोआप दिसायची सोयच बंद करून टाकली. आजोबा पाण्यात उतरले. पहिला पाग उघडला, क्लिक, आणि माझी मान खाली. पडदा काळा. दुसरा पाग, पुन्हा मान खाली, पुन्हा काळा. देवळावरून जाताना हात आपोआप छातीशी जातो, तसं झालं होतं. चौथ्या-पाचव्या वेळी कुठे मान जागेवर राहिली.

आणि तेव्हा नीट पाहिलं. आजोबाही दर वेळी बघतच होते. पाग ओढायचे, तळाशी हात घालून चाचपायचे, असेल ते कमरेच्या पिशवीत, नसेल तर झटकायचे. पण त्या सगळ्या वेळात डोळे पाण्यावर. बघायचं काम बोटांकडे दिलेलं. एकदाच त्यांनी मान खाली घातली, ती पायाला काही टोचलं म्हणून.

ऊन चढल्यावर ते काठावर आले. पिशवीत पाच-सहा बोयी होत्या, एक अजून उडत होती.

"गावला काय?"

"ठाऊक नाही," मी म्हटलं. "बघितला नाही अजून."

आजोबांनी माझ्याकडे, माझ्या कॅमेऱ्याकडे, आणि मग बायकोकडे पाहिलं.

"मग बघा की!" ते म्हणाले, आणि पिशवी बाजूला टेकवून पडद्यावर वाकले.