व्याख्यानाला तळपदे येणारच

मोटार आणि विमान एकाच व्याख्यानात बसवायची कल्पना माझी नव्हे. पार्ल्यातल्या आमच्या ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत संतसाहित्य, शेअर बाजार, मधुमेह असं सगळं होऊन गेलेलं. कार्यवाह म्हणाल्या, "काका, यंदा विमानांवर बोला. आणि जुन्या गाड्याही घ्या, म्हणजे गर्दी होते." मी आयुष्यभर विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये नट-बोल्टचे पाने फिरवलेला माणूस. इंजिनासमोर तासन् तास उभा राहीन, माईकसमोर उभं राहायची सवय नाही. तरी हो म्हटलं.

दोन्ही विषय जोडणारा धागा इंग्लंडातल्या ब्रूकलँड्सनं दिला. वेब्रिजजवळ १९०७ साली खास मोटारींच्या शर्यतींसाठी काँक्रीटचा ट्रॅक बांधला गेला, सुमारे साडेचार किलोमीटरचा, वळणांवर भिंतीसारखा उंच चढत जाणारा. त्याच्या मधल्या मोकळ्या जागेत विमानं आली, मग कारखाने आले. आज तिथल्या संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातलं वेलिंग्टन बॉम्बर विमान आहे, १९८५ साली लॉक नेस सरोवराच्या तळातून वर काढलेलं. अभियंते बार्न्स वॉलिस यांनी त्याचा सांगाडा धातूच्या पट्ट्यांच्या जाळीचा केला होता आणि वरून कापड ताणलं होतं. जाळीचा एखादा भाग उडाला तरी भार बाकीच्या पट्ट्या घेत, म्हणून ही विमानं भोकं पडूनही परत येत. तिथे व्याख्यानंही होतात आणि अशी यंत्रं स्वतः हाताळलेली माणसं बोलतात. मला त्यातलं हेच आवडलं. साक्षीदारानं बोलावं.

मग आपलं ब्रूकलँड्स कुठलं? पार्ल्याच्या माणसाला लांब जायला नको. जुहूच्या धावपट्टीवर विमानं तर उतरलीच, एके काळी मोटारींच्या शर्यतीही झाल्या. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे इथेच उतरले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते. पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी उडवला. पावसाळ्यात जुहूचा चिखल व्हायचा, म्हणून टपालसेवा पुण्याला हलवावी लागे. आणि पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जेआरडींनी तोच प्रवास पुन्हा केला. एवढ्यावरच माझा निम्मा वेळ संपत होता. फोटोंच्या परवानग्या, घरच्यांसमोरची रंगीत तालीम, यांत सांगण्यासारखं काही नाही. सौ. म्हणाली, "आकडे कमी करा," आणि ते खरंच होतं.

अवघड जागा वेगळीच होती. मुंबईत विमानावर बोलायचं आणि शिवकर बापूजी तळपदेंवर प्रश्न येणार नाही, हे शक्य नाही. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी मानवरहित विमान उडवलं, ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. मित्र म्हणाला, "अरे, टाळून टाक, उगाच वाद कशाला?" मी टाळलं नाही, उलट व्याख्यानाच्या मधोमधच घेतलं. तळपदे हे खरेखुरे, विमानाचा ध्यास घेतलेले मुंबईकर होते, यात वाद नाही. त्या काळात मानवरहित उड्डाण अशक्य होतं असंही नाही. मे १८९६ मध्ये अमेरिकेत शास्त्रज्ञ सॅम्युएल लँगलींचं वाफेवर चालणारं, माणूस नसलेलं यंत्र जवळपास एक किलोमीटर उडालं. पण लँगलींच्या उड्डाणाचं छायाचित्र आहे आणि ते पाहायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल हजर होते. चौपाटीच्या उड्डाणाचा असा समकालीन, तपासता येईल असा पुरावा समोर आलेला नाही. राहिला प्राचीन विमानविद्येचा म्हणून तळपदेंच्या गोष्टीशी जोडला जाणारा 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तो तपासला. तो विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. हँगरमध्ये सहीशिवाय विमान सोडत नाहीत. "या गोष्टीवर मी सही करू शकत नाही," एवढंच मी म्हणालो. दोघे उठून गेले. बाकीचे बसले, आणि त्यानंतर जास्त लक्ष देऊन ऐकू लागले असं मला वाटलं.

व्याख्यानाच्या दिवशी प्रोजेक्टरला माझा लॅपटॉप काही ओळखू येईना. तेवढ्या वेळात मी पिशवीतून आणलेलं, विमानाचे पत्रे जोडणारं रिव्हेट आणि बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या लॉकिंग वायरचा तुकडा सभागृहात फिरवायला दिला. पडद्यापेक्षा त्याचाच जास्त उपयोग झाला.

खरी मजा प्रश्नोत्तरांत आली. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ हे प्रवासी विमान सांताक्रूझ विमानतळ समजून जुहूला उतरलं आणि धावपट्टी संपली तरी पुढे गेलं, कोणी दगावलं नाही, हे मी दोन वाक्यांत उरकलं होतं. मागच्या रांगेतल्या एक आजी उभ्या राहिल्या. "मी ते बघायला गेले होते," म्हणाल्या, आणि पुढची दहा मिनिटं त्यांनीच घेतली. प्रीमियर पद्मिनी गाडीचं नाव काढताच एका गृहस्थांनी स्टिअरिंगशेजारच्या गिअरचा दांडा कसा अडकायचा ते हातवारे करून दाखवलं. कुर्ल्याला बनलेली ती गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, हे सांगायची वेळ मला आलीच नाही. त्यांनी तारखेसकट सांगितलं.

मी वही काढून लिहून घेत बसलो. दुसऱ्या दिवशी कार्यवाहांना सुचवलं, की पुढच्या वर्षी वक्ता नको, श्रोत्यांनाच बोलू द्या, मी फक्त तारखा तपासतो. त्यांना पटलं. अडलंय ते एवढंच, की पत्रिकेत वक्ता म्हणून नाव कोणाचं छापायचं.