हुक सोडण्याचा हक्क

मुंबईच्या नौदल गोदीत मी लास्कर म्हणून लागलो. लास्कर म्हणजे खलाशी, आमच्या कागदांवर हा जुना शब्द अजून टिकून आहे. मग सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम झालो, परीक्षा देऊन टग मास्टर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या-रेटणाऱ्या छोट्या बोटीचा कप्तान झालो आणि आता काही वर्षं सगळ्या टगांची देखरेख माझ्याकडे आहे. युद्धनौकेवर गणवेशातले नौसैनिक असतात, टगावर मात्र आम्ही नागरी माणसं. टिंडल नावाचं एक पद आमच्याकडे असायचं. तो कोळीवाड्यातला तांडेलच, साहेबाच्या कागदावर जाऊन टिंडल झालेला.

जहाजांची नावं आणि धक्क्यांचे नंबर इथे लिहिणार नाही. ते लिहायचे नसतात. दोराबद्दल मात्र लिहायचं आहे, कारण नवीन मुलं भरती होतायत आणि त्यांना यंत्र शिकवायला सगळे तयार असतात, दोर शिकवायला कोणी थांबत नाही.

युद्धनौका ही टगवाल्याच्या दृष्टीने अवघड असामी. मालवाहू जहाजाच्या अंगाला टगाचं नाक कुठेही लावलं तरी फारसं बिघडत नाही. इथे पत्रा पातळ असतो. आतून आडव्या भिंतीचा आधार जिथे आहे तिथेच रेटायचं, नाहीतर पोचा पडतो. पुढच्या बाजूला पाण्याखाली सोनारचा, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्राचा फुगीर डोम, तिकडे फिरकायचंच नाही. विमानवाहू नौकेचं डेक दोन्ही बाजूंना छज्जासारखं बाहेर आलेलं असतं; खाली शिरताना आपला मास्ट आणि डोक्यावरचा छज्जा यात किती जागा आहे हे सतत बघावं लागतं. आणि पाणबुडी तर गोल. तिचं बरंचसं अंग पाण्याखाली, त्यामुळे टगाचं नाक तिच्यावर चढू बघतं.

टग २५ टनांचा किंवा ५० टनांचा असं आम्ही म्हणतो ते त्याचं वजन नसतं. टग खुंट्याला बांधून पूर्ण जोर लावला की दोरावर किती टनांची ओढ येते, तो हा आकडा. ५० टनांची ओढ मनगटाएवढ्या दोरातून जाते. त्या दोराजवळ विशी-पंचविशीतली दोन पोरं उभी असतात.

मी लास्कर होतो तेव्हा दोर नायलॉनचे होते. नायलॉन ताणतो, खूप ताणतो, आणि तुटला की तो सगळा ताण एका झटक्यात परत येतो. आमचे सारंग दाभोळचे होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. एका सकाळी दोर गाऊ लागला. ताण वाढला की नायलॉनमधून बारीक करकर येते, त्याला आम्ही दोर गातो म्हणतो. चाचांनी मला दंडाला धरून केबिनमागे ढकललं. स्वतःला वळायला त्यांना वेळ मिळाला नाही. गुडघ्याखाली पाय दोन ठिकाणी मोडला. त्यानंतर ते बोटीवर चढले नाहीत. आताचे दोर वेगळ्या धाग्याचे, हलके, पाण्यावर तरंगणारे, फारसे न ताणणारे. तरीही मी रोज सकाळी डेकवर जातो आणि दोर हातमोजे काढून हाताने चाचपतो. कुठे काचला असेल तर तो डोळ्याआधी तळहाताला कळतो.

देखरेखीच्या कामात हातात लिव्हर नसतो, हे पचवायला मला वर्ष लागलं. मोठी हालचाल असली की मी जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत, पायलटशेजारी उभा राहतो, वॉकीटॉकी घेऊन. खाली चार टग. कोणाच्या धुराड्यातून काळा धूर आला, कोणाचा दोर किती कोनात आहे, कोणाच्या पिछाडीला पाणी उसळतंय, एवढं बघत राहायचं. पायलट जहाज सांभाळतो. मी टग सांभाळतो. दोन्ही एकच वाटतं, पण वेळ आली की ते वेगळं असतं.

गोदीच्या लायन गेटमधून आत आलं की जुन्या सुक्या, म्हणजे पाणी काढून टाकता येणाऱ्या गोद्या लागतात. बॉम्बे डॉक १७५०चा, डंकन डॉक १८१०चा. लवजी नसरवानजी वाडियांनी घातलेल्या पायावर त्यांच्या घराण्याने इथे सागवानी जहाजं बांधली. १८१७ साली इथून पाण्यात उतरलेलं ट्रिंकोमाली इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगतंय. त्या काळी टग नव्हते. दोर, माणसं आणि भरती, एवढ्यावर ती अवाढव्य जहाजं गोदीतून बाहेर पडायची. भरतीचा हिशेब तेव्हा जो होता तोच आज आहे: तिथीची पाऊणपट करायची, भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. माझ्या टेबलावर छापील तक्ता असतो, पण आधी मनात पाऊणपट होते आणि मग नजर तक्त्यावर जाते.

ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो श्रावण वद्य द्वितीयेचा. नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती. द्वितीया म्हणजे दीडची भरती, आणि उधाणाचे दिवस. काम होतं कोल्ड मूव्हचं. इंजिन बंद असलेलं जहाज एका धक्क्यावरून उचलून दुसऱ्या धक्क्याला लावायचं. सुकाणू मध्यावर बांधलेलं, पंखे थांबलेले, जहाजाचं स्वतःचं काही नाही. २०२०च्या सप्टेंबरात विमानवाहू आयएनएस विराट अलंगला भंगारात गेली तीही अशीच, टगाच्या दोरावर, २२६ मीटरचं मुकं अंग घेऊन. आमचं जहाज तिच्यापुढे लहान होतं, पण उंच होतं, आणि उंच जहाजाला वारा शिडासारखा लागतो.

दीडच्या आधी सगळं उरकायचं ठरलं होतं. पाणी स्थिर असतं ती वीस-पंचवीस मिनिटंच आमची. पण धक्क्यावरच्या वायरी आणि होज काढण्यात पाऊण तास गेला. पाणी फिरलं. पावसाळ्यात खाड्यांचं पाणीही ओहोटीबरोबर निघतं आणि दक्षिणेकडे जोरात ओढतं. मी म्हटलं, आज राहू द्या, उद्या करू, उद्याची भरती सव्वादोनची आहे. ज्यांच्या हातात निर्णय होता त्यांनी, आजच व्हायला हवं, असं सांगितलं. तेव्हा मी आणखी भांडायला हवं होतं. एकदा बोललो आणि गप्प बसलो, हे मला अजून सलतं.

पुढच्या बाजूला नवा टग होता. त्याच्या पोटाखाली दोन पंखे, दोन्ही पूर्ण गोल फिरणारे, त्यामुळे तो हवा तसा वळतो. मागच्या बाजूला जुना टग. त्याचा दोर अडकवायचा हुक मध्याच्या जरा मागे, आणि पंखे फक्त पुढे-मागे. अशा टगाचं मरण एकाच रीतीने येतं. जहाजाने वेग घेतला आणि टग मागे पडला, की दोर टगाच्या कुशीवर येतो. मग टग वळू शकत नाही, जहाज त्याला आडवा ओढत नेतं, डेकची एक कड पाण्यात जाते. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो. उलटायला काही सेकंद पुरतात. हुकाला झटक्यात सोडायचा लिव्हर दिलेला असतो तो याचसाठी.

त्या टगावर होता रत्नागिरीकडचा मुलगा, मास्टर होऊन आठ महिने झालेला. सोबत चारजण.

वाऱ्याने जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, फिरू लागली. पुढच्या टगाला जोर वाढवायला सांगितलं गेलं. जहाज सरळ झालं, पण पुढेही सरकलं, ओहोटीच्या दिशेनेच. मी मागे धावलो, ब्रिजच्या टोकापर्यंत. दोराचा कोन बघितला आणि माझ्या पोटात गोळा आला. टग कलंडला होता. डेकवर हिरवं पाणी चढलं, एक टायर सुटून वाहून गेला. मी वॉकीटॉकी तोंडाशी नेला. बटण दाबायच्या आत दोर सैल होऊन पाण्यावर पडला. टग दोनदा जोरात झुलला आणि उभा राहिला.

त्याने हुक सोडला होता.

जहाजाची पिछाडी धक्क्याकडे सरकली. जहाजाच्या बाजूला असलेल्या टगाने मध्ये नाक घालून ती अडवली. रंग खरवडला, एक फेंडर फाटला, बाकी काही नाही. पण वॉकीटॉकीवर आवाज चढला: “मागचा टग! कोणाच्या ऑर्डरने लेट गो केलं?”

पोराला उत्तर देता आलं नाही. चॅनेलवर नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता.

रोज सकाळी हजेरीला मी एक वाक्य बोलतो. नवीन मुलांना ते पाठ झालंय, काहींना त्याचा कंटाळाही आला असेल. “हुक सोडायला कोणाला विचारायचं नाही. परवानगी मी आत्ताच दिली.” त्या सकाळीही बोललो होतो.

मी बटण दाबलं आणि म्हटलं, “ऑर्डर माझी आहे. सकाळी सातला दिली आहे.”

त्यावर नंतर बरंच काही झालं. कागद आले, खुलासे गेले. ते इथे नको.

संध्याकाळी मी त्या टगावर गेलो. सगळी दारं उघडून ठेवली होती, आतलं खारं पाणी पुसणं चालू होतं. हालचालीच्या वेळी तीच दारं बंद होती, म्हणून पाणी इंजिनरूममध्ये गेलं नाही. हे त्या सारंगाचं काम, त्याचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही. पोरगा चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरून बसला होता.

“साहेब, दोन सेकंद थांबलो असतो तर सरळ झाला असता का?”

“झाला असता कदाचित.”

“मग?”

“मग काय. मी तुझ्या जागी असतो तर तुझ्याआधी सोडला असता.”

खरंच सोडला असता. चाचांचा पाय मी बघितला आहे.

त्याने लॉगबुक पुढे ओढलं. १४.३७ला हुक सोडला, एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. बाहेर डेकवर दोर परत चढवणं चालू होतं, सारंग ओरडत होता, हबेस, हबेस, म्हणजे ओढा, आणि मग, आरिया, म्हणजे सोडा. गोड्या पाण्याची नळी दोरावर धरली होती, मीठ निघून जावं म्हणून. पोराने कारणाच्या रकान्यात लिहिलं: टग आडवा. मी खाली सही केली आणि त्याच्या हातात दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम दिला. तृतीया, सव्वादोनची भरती, मागचा टग तोच.