तुम्ही विचारलंत म्हणून: डिग्री नाही, मग दहा महिने जायचं कशाला?

परदेशी फेलोशिपच्या (खर्च देऊन तिकडे काही महिने शिकायला बोलावतात त्या, विशेषतः अमेरिकेतल्या दहा महिन्यांच्या हम्फ्रीच्या) जाहिराती निघाल्या की आरोग्य खात्यातल्या लोकांचे फोन सुरू होतात. कोणी टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) असतात, कोणी एनएचएमचे (राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे) डीपीएम, म्हणजे जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक, कोणी मेडिकल कॉलेजात पीएसएम (सामाजिक आरोग्यशास्त्र) शिकवणारे. अर्धा तास बोलणं होतं आणि शेवटी तोच प्रश्न येतो: "सर, दहा महिने जायचं, डिग्री मिळत नाही, बढतीला उपयोग नाही, मग जायचं कशाला?" आजवर प्रत्येकाला घाईघाईत, अर्धंमुर्धं उत्तर दिलं. ते मलाच पटत नव्हतं, म्हणून आज सगळं सलग लिहितो.

आधी एक गोंधळ दूर करू. तुम्ही पाठवता त्या लिंकांपैकी निम्म्या आपल्यासाठी नसतातच. कॉमनवेल्थ फंडाची हार्कनेस फेलोशिप आरोग्य धोरणाचीच आहे आणि उत्तम आहे, पण ती ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी अशा ठरावीक देशांतल्या लोकांसाठी आहे. नावातल्या 'कॉमनवेल्थ'चा राष्ट्रकुलाशी काही संबंध नाही. हार्वर्डचा ताकेमी कार्यक्रम १९८३ पासून चालतो. तिथे स्वतःचा संशोधन प्रकल्प घेऊन जायचं असतं आणि पैशांची सोय बरीचशी स्वतः बघावी लागते. डिग्रीच हवी असेल तर ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती घ्या: वर्षभराची मास्टर्स, अट दोन वर्षांच्या म्हणजे २,८०० तासांच्या अनुभवाची, परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायचं. पंधरा वर्षं नोकरी झालेल्या माणसाने तिथे जाऊ नये असं नाही, पण वर्गात शेजारी पंचविशीतली मुलं असणार हे धरून चाला.

तुमचा प्रश्न बहुतेक वेळा हम्फ्री फेलोशिपबद्दल असतो, तेव्हा तिच्याबद्दलच बोलतो. १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांच्या काळात ती सुरू झाली. पैसे अमेरिकी परराष्ट्र खात्याचे असतात. पदवीनंतर किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. विद्यापीठ तुम्ही निवडायचं नाही, ते तुम्हाला देतात. सार्वजनिक आरोग्यवाल्यांना अटलांटातल्या एमरी विद्यापीठाचं रोलिन्स स्कूल मिळालं, तर सीडीसीचं (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचं) मुख्यालय शेजारीच आहे. आवडतील ते कोर्स घ्यायचे आणि किमान सहा आठवडे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करायचं. रुग्णाला हात लावायचा नाही, हे डॉक्टर मंडळींनी नीट ऐकावं. "तिकडे लॅप्रोस्कोपी शिकता येईल का?" असं विचारणाऱ्यांनी हा अर्ज भरू नये. आणि कार्यक्रम त्या वर्षी आपल्या देशासाठी आणि आपल्या विषयासाठी खुला आहे का, हे अधिकृत पानावर स्वतः बघा. मागच्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका.

आता जायचं कशाला, ते एका उदाहरणावरून सांगतो.

एका तालुक्याच्या आरोग्य अधिकारी मॅडमनी अर्जाचा निबंध मला वाचायला पाठवला होता. पहिलं वाक्य होतं, "माता व बालकांचे आरोग्य सुधारण्याची मला तळमळ आहे." अशी वाक्यं निवड समितीपुढे शेकड्याने येतात. मी त्यांना विचारलं, तुमच्या तालुक्यात नेमकं अडतं कुठे? त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. ग्रामीण रुग्णालयाला एफआरयूचा, म्हणजे अवघड केसेस पाठवायच्या पहिल्या केंद्राचा, दर्जा आहे. ओटी आहे, रक्त साठवण युनिट आहे, नवजात बाळांसाठी वॉर्मर आहे. भूलतज्ज्ञ नाही. खासगी भूलतज्ज्ञाला केसमागे मानधन द्यायची सोय आहे, पण बिल निघायला तीन-चार महिने लागतात, म्हणून तो दिवसा येतो आणि रात्री फोन उचलत नाही. मग रात्री दहानंतर सिझेरियनची केस आली की १०८ ची रुग्णवाहिका बोलवायची आणि जिल्ह्याला पाठवायची. एमबीबीएस डॉक्टरांना भूल द्यायला शिकवणारं एलएसएएस नावाचं प्रशिक्षण आहे, पण ते घेतलेले त्यांचे डॉक्टर दुसऱ्या तालुक्यात बदलून गेलेले.

म्हटलं, हाच तुमचा निबंध. केसमागे पैसे द्यायचे की रात्री उपलब्ध राहण्याचे, हा धोरणाचा प्रश्न आहे. अमेरिकेत १९९७ च्या कायद्याने 'क्रिटिकल ॲक्सेस हॉस्पिटल' नावाचा प्रकार आला: आडगावातलं, जास्तीत जास्त २५ खाटांचं रुग्णालय. मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा तिथला सरकारी आरोग्य विमा) त्याला केसच्या ठरलेल्या दराने पैसे देत नाही, झालेल्या खर्चाच्या हिशेबाने देते. आणीबाणीसाठी ऑन-कॉल राहणाऱ्या डॉक्टरचा खर्चही त्यात धरता येतो. शिवाय तिथल्या खेड्यांत भूल देण्याचं पुष्कळ काम विशेष प्रशिक्षण घेतलेल्या नर्स करतात. हे पुस्तकात वाचता येतं, नाही असं नाही. पण अशा रुग्णालयाच्या ऑफिसात सहा आठवडे बसून करारात काय लिहितात, बिल किती दिवसांत निघतं, डॉक्टर आला नाही तर पुढे काय होतं, हे बघण्याची सोय पुस्तकात नाही. डिग्रीतही नाही. 'कशाला' याचं माझं उत्तर एवढंच आहे. ज्याच्याकडे असा एक प्रश्न आहे, त्याने जावं. "एक्स्पोजर मिळेल" म्हणणाऱ्यांना मी हल्ली थांबवतो.

मॅडमची निवड झाली.

यानंतर जे झालं ते जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्यापैकी बहुतेकांची गाडी इथेच अडणार आहे आणि त्यात माझी चूक आहे. अर्ज भरताना त्यांनी एनओसीबद्दल (खात्याच्या ना-हरकत पत्राबद्दल) विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "आधी निवड होऊ दे, एनओसीचं नंतर बघू." तेव्हा मी हे सगळ्यांनाच सांगायचो. निवड होण्याआधी फाईल हलवली तर ऑफिसभर चर्चा होते, नाही झाली तर लोक बोलतात, असं माझं म्हणणं होतं. त्यांनी अर्जासोबत जिल्ह्यातल्या वरिष्ठांचं शिफारसपत्र जोडलं. पत्र चांगलं होतं. पण त्या वरिष्ठांना दहा महिन्यांची अध्ययन रजा मंजूर करण्याचा अधिकारच नव्हता.

फेब्रुवारीत निवडीचं पत्र आलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्रस्ताव गेला. मार्च म्हणजे निधी खर्ची टाकायचा महिना, नस्तीला, म्हणजे फाईलला, कोणी हात लावला नाही. एप्रिलमध्ये पहिली त्रुटी निघाली: विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला जोडलेला नाही. तो मिळवायला तीन आठवडे गेले. दुसरी त्रुटी: बंधपत्र (परत येऊन नोकरी करण्याची लेखी हमी) ठरलेल्या नमुन्यात नाही, जामीनदारांच्या सह्या नाहीत. तिसरी: गैरहजेरीत कार्यभार कोणाकडे, त्याची लेखी संमती नाही. तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी एकत्र सांगता आल्या असत्या. एकेक करून आल्या, आणि प्रत्येक वेळी कागद खालून वर चढत गेला.

मग मे उजाडला. आपल्याकडे २००५ च्या बदल्यांच्या कायद्याप्रमाणे सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे मध्ये होतात आणि एका पदावरचा कार्यकाळ साधारण तीन वर्षांचा धरतात. मॅडमची तीन वर्षं भरली होती. बदली झाली. प्रस्ताव जुन्या पदनामाने, जुन्या कार्यालयातून गेलेला. नव्या कार्यालयाने सांगितलं, आमच्याकडून नव्याने पाठवावा लागेल. जून लागला. पाऊस, जलजन्य साथी, साथरोग काळात रजा नाही असं परिपत्रक. याच सुमाराला मॅडमना कळलं की सरकारी नोकराने परदेशी खर्चाने परदेशी जायचं तर २०१० च्या एफसीआरए (परदेशी निधी नियमन) कायद्याच्या कलम ६ प्रमाणे केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. तो अर्ज ऑनलाइन, एफसी-२ नमुन्यात. हे मला माहीत होतं. मी त्यांना ते फेब्रुवारीतच सांगायला हवं होतं. मी जूनमध्ये सांगितलं.

कार्यक्रम ऑगस्टमध्ये सुरू होणार होता. जुलैअखेर मॅडमना फेलोशिपवाल्यांना कळवावं लागलं की परवानगी नाही. ती जागा कोणाला तरी प्रतीक्षा यादीतून गेली असणार. रजा मंजुरीचा आदेश ९ सप्टेंबरला निघाला. त्यांनी मला त्याचा फोटो पाठवला: जावक क्रमांक, गोल शिक्का, खाली प्रतिलिपींची यादी, सगळं बरोबर. सोबत एकच ओळ: "सर, पुढच्या वर्षी हाच आदेश चालेल का?" चालत नाही. आदेशात कार्यक्रमाचं नाव आणि तारखा असतात.

त्यानंतर मी उलटा क्रम सांगायला लागलो: निबंधाच्या आधी फाईल. रजा मंजूर करणारा सक्षम अधिकारी कोण, हे पदनामासह लेखी काढा. अर्ज करतानाच "निवड झाल्यास" अशा शब्दांत तत्त्वतः परवानगी मागा. चौकशी नसल्याचा दाखला, बंधपत्राचा मसुदा, कार्यभार घेणाऱ्याची संमती, मागच्या गोपनीय अहवालांच्या प्रती, असा सगळा संच पहिल्या दिवशी एका फोल्डरमध्ये ठेवा. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मधलं अध्ययन रजेचं प्रकरण स्वतः वाचा. लिपिकाने सांगितलं म्हणून सोडून देऊ नका. एमयूएचएस (महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ) किंवा जुन्या विद्यापीठाच्या ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे गुणांच्या अधिकृत प्रती, लगेच मागवा. पासपोर्टवरचं नाव आणि पदवीवरचं नाव जुळतं का ते बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे अर्ज इथे हमखास अडकतात. आणि तुमची बदली कोणत्या मे महिन्यात येते ते मोजा. अर्जापासून विमानापर्यंत वर्षाहून जास्त काळ जातो, म्हणजे एक बदल्यांचा हंगाम मधे येणारच.

यावर कोणी म्हणतं, मग खासगी किंवा एनजीओतल्या लोकांचं बरं आहे. रजेपुरतं बरं आहे. पण एनएचएमच्या कंत्राटी लोकांचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. करार अकरा महिन्यांचा, फेलोशिप दहा महिन्यांची. अध्ययन रजेचा हक्क नाही, परतल्यावर जागा राहील याची लेखी हमी कोणी देत नाही. आणि जिल्ह्याचं नियोजन, पीआयपी (वार्षिक अंमलबजावणी आराखडा), खर्चाचे अहवाल हे सगळं तर हेच लोक करतात. धोरण कुठे गळतं ते त्यांना सगळ्यांत आधी दिसतं. पूर्वी मी त्यांना म्हणायचो, राजीनामा देऊन जा, आल्यावर यापेक्षा चांगलं मिळेल. काहींना मिळालंही. पण ते आले ते मुंबई-दिल्लीच्या सल्लागार संस्थांत, जिल्ह्यात परत कोणी गेलं नाही. त्या सल्ल्याने जिल्ह्याचा माणूस कमी झाला, हे मला मान्य करावं लागतं. तरी ज्याच्या घरी दोन मुलं आहेत आणि दर वर्षी करार वाढेल का याची धाकधूक आहे, त्याला "जाऊ नका" असं कोणत्या तोंडाने सांगू?

पैशांचंही बोलतो, कारण ते विचारायला तुम्ही लाजता. शिक्षण शुल्क, विमान, एका माणसाचा राहण्याचा भत्ता, तुमचा आरोग्य विमा एवढं मिळतं. कुटुंबाचा खर्च तुमचा. जे-२ (कुटुंबासाठीच्या) व्हिसावर नवरा किंवा बायको आणि मुलं येऊ शकतात, मुलांना सरकारी शाळा फुकट असते, पण त्यांचा विमा तुम्ही काढायचा आणि त्यांच्यासाठी पुरेसे पैसे असल्याचा पुरावा आधी दाखवायचा. आणि जे-१ ची, म्हणजे तुमच्या स्वतःच्या व्हिसाची, दोन वर्षांची अट: एकूण दोन वर्षं मायदेशी प्रत्यक्ष राहिल्याशिवाय एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. ही अट मला योग्य वाटते. तुम्ही याला शिक्षा म्हणता, त्यावर आपलं एकमत होणार नाही.

तुमचा आरोप असतो की मी लोकांना परदेशाची भूल घालतो. हे मी मान्य करत नाही. पण परतलेल्यांपैकी काहींना रुजू झाल्या दिवशी मिळालं ते जुनंच टेबल आणि दहा महिन्यांच्या थकीत अहवालांचा गठ्ठा, हेही खरं आहे. तिथे शिकलेलं कुठे वापरायचं, असं कोणी त्यांना विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात मॅडमचा फोन होता. पुन्हा अर्ज करू का, म्हणाल्या. प्रश्न तोच ठेवणार होत्या. नव्या तालुक्यातही भूलतज्ज्ञ केसमागेच येतो आणि रात्री येत नाही. मी विचारलं, "इथे किती वर्षं झाली?"

"या मे मध्ये दोन झाली."

म्हणजे आता अर्ज केला तर निवडीचं पत्र पुढच्या फेब्रुवारीत आणि बदली पुढच्या मे मध्ये. मी बोलायच्या आधीच त्यांचा हिशेब झाला होता. "फाईल आजच टाकते," त्या म्हणाल्या, "पण पदनाम कोणतं लिहू, सर?"