बाष्पनशील तेले आणि प्रतिजैविके: एक आश्वासक जोडी

औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंविरुद्ध वनस्पतींची बाष्पनशील, म्हणजे सहज उडून जाणारी सुगंधी तेले प्रतिजैविकांच्या जोडीने वापरण्याचे संशोधन मला फार मोलाचे वाटते. ओव्याच्या तेलातील थायमॉल हा घटक जिवाणूचे पेशीपटल सैल करते, त्यामुळे एरवी बाहेरच अडणारे औषध आत पोहोचू शकते. तेलांतील काही घटक तर जिवाणूच्या पेशीतून औषध बाहेर फेकणाऱ्या पंपांनाही अडवतात. प्रयोगशाळेत ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये एका दिशेने तेलाचे आणि दुसऱ्या दिशेने औषधाचे प्रमाण घटवत नेतात, आणि रात्रभर उबवल्यावर कोणते खळगे गढूळ न होता नितळ राहिले, म्हणजे कुठे जिवाणू वाढले नाहीत, हे पाहतात. मात्र हेच तेल जास्त प्रमाणात माणसाच्या पेशींनाही इजा करते, म्हणून पोटात घेण्यापेक्षा जखमेवरील मलमाचा मार्ग मला अधिक आशेचा वाटतो.