पोळ्याचा बोजारा

श्रावण अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी विदर्भातल्या गावांत बैलांना जेवणाचे निमंत्रण दिले जाते. वर्षभर जू घासून ज्या खांद्याला घट्टे पडलेले असतात, तो खांदा शेकून त्याला तूप आणि हळद चोळली जाते, आणि मग धनी बैलांपुढे उभा राहून म्हणतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ज्याच्या सात पिढ्यांचा उद्धार डवरणीच्या दिवसांत प्रत्येक तासाला होत असतो, त्याला या संध्याकाळी अहो-जाहो केले जाते. बैल अर्थातच काही बोलत नाही. तो तूप चोळून घेतो आणि दुसऱ्या दिवशी जेवायला येतो.

दुसऱ्या दिवशी, पोळ्याला, बैल धुतले जातात, शिंगांना रंग लागतो, अंगावर झूल चढते आणि आखरावर, म्हणजे गावाच्या मोकळ्या जागेत, तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हटल्या जातात, मानकऱ्याच्या हस्ते तोरण तुटते, आणि बैल घरी परततात, तेव्हा दारात त्यांचे पाय धुऊन, ओवाळून त्यांना पुरणपोळी भरवली जाते. मला मात्र त्यानंतरचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. जोडी घेऊन फिरणारा गडी दारोदार जातो आणि प्रत्येक दारी त्याला बोजारा मिळतो. कुठे दहा रुपये, कुठे वीस, धन्याच्या घरी त्याहून अधिक आणि कधी नवे कापड. नागपूर-वर्ध्याकडे दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लहान मुले लाकडी नंदी ओढत येतात आणि तीही बोजारा मागतात. ती मोठ्यांपेक्षा कडक असतात; नाणे हातावर पडेपर्यंत नंदी उंबरठ्यावरून हलत नाही.

या देण्याची वेळ मोठी विलक्षण आहे. पोळा येतो तेव्हा शेतकऱ्याच्या हातात काहीही नसते. बियाणे, खत, फवारणी, निंदण यांत होते नव्हते ते सारे जमिनीत गेलेले असते. सोयाबीन दसऱ्याच्या सुमारास निघायचे असते आणि कापूस तर त्याहूनही पुढे. उधारीच्या वहीचे पान भरलेले असताना त्याच दुकानातून गूळ आणि हरभऱ्याची डाळ आणायची आणि दहाच्या नोटांचे सुटेही तिथूनच घ्यायचे, असा हा सण आहे. दिवाळीत कापसाचा पैसा आल्यावर देणे सोपे असते. पोळ्याला द्यायचे म्हणजे जे अजून पिकलेले नाही त्यातून द्यायचे, आणि ते पिकेलच याची खात्री विदर्भात कोणी कोणाला देत नाही.

तरीही बोजारा देताना कोणी उपकाराची भाषा बोलत नाही आणि घेणाराही आभार मानत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. नोट हातात पडली की गडी बैलाला पुढे हाकतो. हा उद्धटपणा नव्हे. दिवस ठरलेला, दार ठरलेले आणि कारण सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे मागणाऱ्याला तोंड वेंगाडावे लागत नाही आणि देणाऱ्याला मन मोठे करण्याचा आव आणावा लागत नाही. एरवी याच गड्याला शंभर रुपये उचल हवी असली तर तो अर्धा दिवस ओसरीच्या कडेला उभा राहतो, पावसाचे बोलतो, जनावरांचे बोलतो आणि मूळ गोष्ट शेवटी चाचरत काढतो. सणाने ही लाज एका दिवसापुरती काढून टाकली आहे.

एका दिवसापुरतीच, हे खरे. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचे, साल गुढीपाडव्याला ठरते, आणि त्या वेळी पाचशे-हजारांसाठी ताणून धरणारा धनी पोळ्याला हात सैल सोडतो, तेव्हा त्या सैल हाताचे फार कौतुक करू नये. जुन्या बलुत्यातही हक्क होता, पण त्या हक्काला जात चिकटलेली होती; कोणी खळ्यावर कुठे उभे राहायचे तेही ठरलेले होते. ठरलेले देणे चांगलेच असते, असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही.

पण हक्काने मागण्यातला सन्मान ओळखणारी माणसेही याच मातीत वावरली. पवनारहून निघालेल्या विनोबांना 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत शंभर एकरांचे पहिले भूदान मिळाले. पुढे गावोगाव फिरताना ते जमीनमालकाला म्हणत की मला तुमचा एक मुलगा समजा आणि माझा सहावा हिस्सा द्या. हिस्सा मागणाऱ्याला भीक घालता येत नाही, फार तर नकार देता येतो. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांची तऱ्हा आणखी वेगळी. ते गावात शिरले की आधी खराटा हाती घेऊन रस्ते झाडत आणि मगच कोणाच्या दारची भाकर घेत. दोघांच्याही वागण्यात देणाऱ्याला वर चढून बसायला पायरी ठेवलेली नव्हती.

अलीकडे आमच्याकडे ती पायरी लाउडस्पीकरवर बसवली आहे. गणपतीचा किंवा नवरात्रातल्या देवीचा महाप्रसाद असला की पंगत बसेपर्यंत वर्गणीदारांची नावे रकमेसह पुकारली जातात, आणि आपले नाव येईपर्यंत काही मंडळी पत्रावळीपाशी फिरकतही नाहीत. पाचशे एकवाल्याच्या आधी दोनशे एकवाल्याचे नाव घेतले म्हणून एका मंडळात वर्षभर अबोला राहिल्याचे मी पाहिले आहे. वरण-भात मात्र त्याही पंगतीत सर्वांना सारखाच वाढला जातो, म्हणून मी तिथे जेवतो आणि नावे ऐकत नाही.

बोजाऱ्याबद्दल माझी खरी तक्रार वेगळीच आहे. तो बैलाच्या दोरीला बांधलेला आहे. ज्याच्या हातात दोरी त्याला बोजारा. आणि आता जोड्याच कमी झाल्या, पोळ्यात ट्रॅक्टरही हार घालून उभे राहू लागले, तेव्हा दोरी धरणारेही कमी झाले. ज्या बाया आषाढ-श्रावणात कमरेतून वाकून अख्खे शिवार निंदतात त्यांच्या हातात दोरी कधीच नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी ना आवतन, ना ओवाळणी. बैलाचा खांदा शेकायचा शास्त्रार्थ आहे, निंदणाऱ्या बाईच्या कमरेचा नाही.

गेल्या पोळ्याला आमच्या वहिनीने हा शास्त्रार्थ मोडला. शेतात निंदायला येणाऱ्या बायांना तिने दुसऱ्या दिवशी घरी बोलावले, पुरणपोळी वाढली आणि निघताना प्रत्येकीच्या हातात वीसची नोट ठेवून "हा बोजारा," असे सांगितले. क्षणभर त्या एकमेकींकडे पाहत राहिल्या आणि मग एकच हशा पिकला. "काहो बाई, आमी का बैल आहो?" एकीने विचारले. त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर बाईने मात्र नोट उलटीपालटी करून पाहिली, आमच्या सालदाराकडे बोट दाखवले आणि सरळ म्हणाली, "बोजाराच हाय तं मंग त्याले पन्नास अन् आमाले वीस काऊन?"

वहिनी आत जाऊन आणखी नोटा घेऊन आली.